दर रविवारी कोणीतरी जातं

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर आजवर फार मोठे विषय आलेले नाहीत. पाणी उद्या येणार नाही, गच्चीत कोणाच्या गाद्या वाळतायत, लिफ्टमध्ये कोण थुंकतं, बस्स. त्यामुळे गेल्या महिन्यात तिथे 'विशेष सर्वसाधारण सभा. विषय : सोसायटीच्या हॉलमध्ये मयत व्यक्तींचा गैरवापर' अशी नोटीस लागली, तेव्हा चारकोपच्या आमच्या अख्ख्या सेक्टरला सण असल्यासारखं झालं. शेजारच्या सोसायट्यांमधली माणसं सकाळचा फिरण्याचा रस्ता बदलून वाचायला आली. एक काका तर चष्मा विसरले म्हणून परत घरी जाऊन चष्मा घेऊन आले.

गैरवापर करणारा इसम म्हणजे मी. विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवतो. कागदावर बाळकृष्ण, बाकी जगाला बाळा. विद्यार्थी समोर सर म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात तेही मला माहीत आहे आणि ते फारसं चूक नाही.

आता एवढ्या शिकल्यासवरल्या माणसाने मेलेल्या माणसांचा गैरवापर का करावा, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. पण त्याची सुरुवात अगदी साध्या गोष्टीतून झाली. तळमजल्यावरची चेतना.

चेतना बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. डोकं असं की विचारू नका. पेपर रोज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, जाहिरातींसकट. पण चार माणसांसमोर उभी राहिली की दोन वाक्यं बोलते आणि तिसऱ्याला गाडी बंद. कॉलेजने आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेसाठी तिचं नाव घातलं होतं, कारण निबंध सगळ्यात चांगला तिचा. ती जिन्यात मला गाठून म्हणाली, "सर, माझं नाव काढायला सांगा ना. तुमचं ऐकतील." मी म्हटलं, नाव काढायचं तर तिथे उभं राहून, पाच मिनिटं बोलून, त्यांना पटवून काढ. मला वाटलं मी फार हुशारीचं बोललो. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन दारात हजर.

आम्हाला शिकवण्या घ्यायला बंदी आहे. म्हणून फुकट. आणि फुकट म्हटल्यावर मुंबईत माणसं जितकी घाबरतात तितकी पोलिसांना घाबरत नाहीत. आठवडाभर चेतनाच्या वडिलांनी, म्हणजे अंबादासने, मला तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारलं की यात माझं काय जातं. शेवटी मी म्हटलं, माझा वेळ जातो. तेव्हा कुठे त्याला बरं वाटलं.

माझ्या शिकवण्यात एकच नियम आहे. समोरच्याची बाजू आधी मांडायची, आणि ती त्याच्यापेक्षा चांगली मांडायची. त्याला ऐकून वाटलं पाहिजे, अरे, हे मला का नाही सुचलं. मग आपली. टीव्हीवर चालतं तसं सगळ्यांनी एकदम बोलायचं असेल तर मासळी बाजार आहे, आणि तिथे निदान शेवटी मासळी तरी मिळते.

सरावासाठी मी चेतनाला कांदिवली स्टेशनबाहेर नेलं आणि म्हटलं, एका रिक्षावाल्याला चारकोपला यायला पटव. ओरडायचं नाही, तक्रारीची धमकी नाही, आधी त्याची बाजू. स्वतः मी नारळपाणीवाल्याच्या गाडीमागे लपलो, कारण अशी मजा बघायला तिकीट काढावं लागत नाही. तिने एक मिशीवाला रिक्षावाला निवडला. खंडू. तिने त्याला सांगितलं की दादा, तुम्हाला चारकोपला यायचं नसणार, कारण वाटेत मेट्रोखाली अर्धा तास जातो, परतीचं भाडं मिळत नाही, आणि ही तुमची जेवायची वेळ. खंडू रिक्षातून खाली उतरला. म्हणाला, "ताई, बारा वर्षं रिक्षा चालवतोय, एवढं झकास मला कोणी समजून घेतलं नाही. बायकोने पण नाही." आणि जेवायला निघून गेला. चेतनाला आपली बाजू मांडायला वेळच मिळाला नाही.

आम्ही चालत घरी आलो. पण पुढच्या रविवारी खंडू पत्ता शोधत आमच्या दारात. त्याला रिक्षा स्टँडच्या मीटिंगमध्ये बोलायचं होतं. मग खंडूच्या मागून स्टँडवरचे दोघं आले, चेतनाच्या मैत्रिणी आल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या शकुताई आल्या. त्यांना सुनेशी बोलायचं होतं, पण स्पर्धेच्या नियमांनी. अकरा माणसं झाली. विषय पेपरातले : कबुतरांना दाणे घालावेत का, दहा मिनिटांत भाजी घरी यायलाच हवी का, मुलांचा गृहपाठ मोबाईलने केला तर मार्क कोणाला द्यायचे. आमच्या हॉलमध्ये, म्हणजे घरातल्या हॉलमध्ये, हे सगळे बसायचे. कबुतरांच्या रविवारी एक रिक्षावाला भावनेच्या भरात सोफ्याच्या हातावर बसला आणि हात वेगळा झाला. तो म्हणाला सॉरी. प्रेमा, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने फक्त तो हात उचलून माझ्या मांडीवर ठेवला. सगळे गेल्यावर मी नियमाप्रमाणे तिची बाजू मांडायला घेतली. "गप रवा," ती म्हणाली. मालवणीत वादविवादाची एवढीच पद्धत आहे.

उरला सोसायटीचा हॉल. त्याची चावी चंद्रप्रकाशकडे. चंद्रप्रकाश आमचा सेक्रेटरी, माझ्याच वयाचा, वीज कंपनीतून लवकर निवृत्त झालेला आणि तेव्हापासून सोसायटीच्या उपविधींचं पुस्तक खिशात घालून फिरणारा. आम्ही एकमेकांना अरेतुरे करतो. पूर्वी पत्ते खेळायचो. त्याची बायको रुचिरा गेली तसा तो खाली उतरायचाच बंद झाला, कामापुरता नोटिसा लावायला येई तेवढा. त्याच्या हॉलच्या रजिस्टरमध्ये कार्यक्रमाचे दोनच प्रकार. मंगल आणि शोक. मी वर्ग म्हटलं. तो म्हणाला वर्ग नाही. मी म्हटलं तिसरा रकाना काढ. तो म्हणाला, त्याला वार्षिक सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो, पुढची सभा सप्टेंबरात.

मंगलला वधू-वरांची नावं लागतात आणि पंधरा दिवस आधी अर्ज. शोकला आदल्या दिवशी वॉचमनच्या केबिनमध्ये रजिस्टर भरलं की झालं, कारण मरण काही अर्ज करून येत नाही. फक्त मयताचं नाव आणि नातं. मी शनिवारी केबिनमध्ये गेलो, पेन उघडलं आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं : कै. विठोबामामा, मामा. खरं सांगतो, विद्यापीठाच्या एवढ्या समित्यांवर अहवाल लिहिले, पण असं समाधान कधी मिळालं नाही.

रविवारी दहाला आम्ही कबुतरांचा अर्धवट राहिलेला विषय घेऊन हॉलमध्ये जमलो. चेतना उभी राहिली, तिचं पहिलं वाक्य झालं, आणि दार उघडून शकुताईंची सून खिचडीचा टोप घेऊन आत आली. येता-जाता तिने केबिनमधलं रजिस्टर वाचलं होतं, आणि शोक असलेल्या घरी चूल पेटत नाही म्हणून. तिच्या मागे पांढऱ्या साड्यांत तीन बायका. त्यांच्या मागे, पांढरा लेंगा-सदरा घालून, हातात हार घेऊन, चंद्रप्रकाश. त्याने मान खाली घालून फोटो कुठे आहे विचारलं. मी म्हटलं, मामांना फोटो आवडत नसत. त्यांना वादविवाद आवडायचा. शेवटची इच्छाच ती होती, की मी गेल्यावर रडू नका, एखाद्या चालू विषयावर बोला.

माझ्या तोंडून हे कसं बाहेर पडलं मला माहीत नाही. पण चंद्रप्रकाशने हार खुर्चीवर ठेवला, दोन मिनिटं उभा राहिला, आणि शेवटच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीत बसला. पांढऱ्या साड्याही बसल्या. तासाभराने त्यातल्या एकीने कबुतरांच्या विरोधात असं काही भाषण केलं, तिच्या खिडकीची अवस्था इतकी बारकाईने सांगितली, की खंडूने नाकाला रुमाल लावला. खिचडी संपली. सगळे म्हणाले, मामांची शोकसभा फार छान झाली.

मग काय, वाट लागली. पुढच्या रविवारी आत्या गेली. मग एक चुलत मेहुणा. मग गावचा एक आजोबा, जो माझ्या हिशेबाने एकशे सहा वर्षांचा निघाला. माझ्या घराण्यात वादविवादाची आवड असलेली माणसं फार, असं सेक्टरमध्ये बोललं जाऊ लागलं. प्रेमाला रस्त्यात बायका थांबवून हात दाबायच्या आणि कोणीतरी हळूच सुचवलं की एकदा घराची शांत करून घ्या. ती घरी येऊन मला सांगायची, या आठवड्यात माझ्या माहेरचं कोणी घेऊ नका, बाकी तुमची मर्जी. आणि दर रविवारी चंद्रप्रकाश पांढऱ्या कपड्यात वेळेवर, शेवटच्या रांगेत. बोलायचा नाही. फक्त ऐकायचा. हार आणणं मात्र तिसऱ्या आठवड्यापासून बंद केलं होतं त्याने.

इकडे चेतना चार वाक्यांवर आली होती. स्पर्धेला पाच आठवडे उरले होते.

घात झाला सहाव्या शनिवारी. परीक्षेचे पेपर तपासून डोकं बधिर झालेलं, नावं संपलेली, वॉचमन जेवायला निघालेला. घाईत जे सुचलं ते लिहिलं. कै. भिकाजीकाका, काका, कुर्ला. अडचण एकच होती. भिकाजीकाका आहेत. कुर्ल्यालाच आहेत. आणि रविवारी सकाळी सव्वादहाला, नातवाच्या लग्नाची पत्रिका घेऊन, ते आमच्या गेटवर आले.

वॉचमनने वहीत नाव लिहायला सांगितलं. त्यांनी लिहिलं. वॉचमनने वहीतलं नाव बघितलं, शेजारच्या हॉलच्या रजिस्टरमधलं नाव बघितलं, आणि वही तिथेच टाकून सेक्रेटरीला बोलवायला हॉलकडे पळाला. आम्ही सगळे बाहेर आलो. काका गेटवर उभे, हातात पत्रिका, बगलेत छत्री, डोक्यावर टोपी. खंडूने नमस्कार केला, बहुतेक भीतीने. चंद्रप्रकाश कितीतरी वेळ काकांकडे बघत होता. शेवटी काकांना कोणीतरी समजावलं. मला वाटलं, आता छत्री डोक्यात बसणार. पण माणसाचा चेहरा असा खुलला. "माझ्या शोकसभेक कोण कोण इल्ले?" त्यांनी विचारलं. "माका बघू दे तरी."

ते आत जाऊन पहिल्या रांगेत बसले. चंद्रप्रकाश आत आला नाही. त्याच दुपारी नोटीस लागली.

नोटिशीत ठराव होता : हॉल यापुढे फक्त खऱ्या मंगल आणि खऱ्या शोक कार्यासाठी द्यावा, वर्ग कायमचा बंद. मला राग नाही आला. माझी इभ्रत गेली होती तिकडे, पण ती माझ्याकडे कधी फार नव्हतीच. मला चेतनाचं वाईट वाटत होतं. तिच्या घरी एका खोलीत चार माणसं आणि एक टीव्ही. माझ्या घरी सोफ्याला एकच हात. हॉल गेला तर तिचं बोलणं चार वाक्यांवर अडकणार होतं. मी तिला तसं म्हटलं नाही, पण तिला कळलेलं होतं. तिने नोटिशीसमोर उभं राहून ती दोनदा वाचली आणि म्हणाली, "त्यांची बाजू बरोबर आहे, सर." मला माझाच नियम नकोसा झाला.

सल्ले सुरू झाले. अंबादास म्हणाला, माफी लिहून दे. शकुताई म्हणाल्या, रडा. खंडू म्हणाला, आपण सगळे रिक्षा गेटवर आडव्या लावू. प्रेमा म्हणाली, आयुष्यात एकदा सरळ वागून बघा. हा सल्ला चांगला होता, म्हणूनच मी तो घेतला नाही. मला एक आयडिया सुचली होती आणि ती सुचल्यापासून मी आंघोळ करताना हसत होतो.

सभेच्या दिवशी कोरम नव्हता, म्हणून नियमाप्रमाणे अर्धा तास तहकूब करून तीच सभा त्याच जागी पुन्हा भरवली. तेवढ्यात सेक्टरभर बातमी गेली आणि हॉलमध्ये उभं राहायला जागा नाही. मी उठून म्हणालो, हा वादाचा विषय आहे, तर वाद रीतसर होऊ दे. चंद्रप्रकाश आणि मी, पाच-पाच मिनिटं. पण आमच्या पद्धतीने : बाजू चिठ्ठीने ठरेल, आणि जी येईल ती मांडायची. चंद्रप्रकाश म्हणाला उपविधींत असं नाही. मी म्हटलं उपविधींत नको असंही नाही. सगळे ओरडले, होऊन जाऊ दे. माणसांना शेवटी टाइमपास हवा असतो.

चिठ्ठ्या मी घरूनच आणल्या होत्या. एका वाटीत दोन. दोन्हींवर एकच : वर्ग चालू राहावा. चंद्रप्रकाश आधी उचलणार, त्याला वर्गाच्या बाजूने बोलावं लागणार. मी म्हणणार, उरलेली माझी, आणि वर्गाच्या विरोधात असं फालतू बोलणार की ठराव जागेवर आपटेल. वाटी चेतनाच्या हातात होती, आणि दुसऱ्या हातात वेळेसाठी आमच्या देवघरातली घंटी.

चंद्रप्रकाशने चिठ्ठी उचलली, वाचली, आणि चष्मा पुसून पुन्हा वाचली. मी मोठ्या मनाने म्हटलं, म्हणजे माझी विरोधाची, पहिला मीच बोलतो. आणि सुरू केलं. वर्गामुळे हॉलमधल्या पंख्यांची झीज होते, म्हटलं. खुर्च्यांचे पाय दुखतात. लोक हसले. माझं झकास चाललं होतं.

टण्ण.

मिनिटसुद्धा झालं नव्हतं. मी चेतनाकडे बघितलं. ती घंटी घेऊन उभी होती.

"सर, तुम्ही मुद्दाम वाईट बोलताय," ती म्हणाली. "समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडायची, असं तुम्हीच सांगता. मला स्टेशनबाहेर उभं करून तेच करून घेतलंत. सेक्रेटरीकाका सहा आठवडे पांढरे कपडे धुऊन, इस्त्री करून येत होते. त्यांची पण एक बाजू आहे. ती नीट सांगा, नाहीतर बसा."

सत्तर माणसांसमोर. सवयीने वाक्यं मोजत होतो मी. सहा झाली होती, आणि गाडी बंद पडली नव्हती.

काय करणार. मी नीट बोललो. म्हटलं, हॉल आपल्या सगळ्यांचा आहे, कारण इथे आपण एकमेकांच्या घरातलं माणूस गेलं की येऊन बसतो. कामं टाकून येतो, कोणी बोलवत नाही तरी येतो. रजिस्टरमधल्या एका ओळीवर विश्वास ठेवून खिचडी टाकतो. ती ओळ मी खोटी केली. उद्या कोणाकडे खरंच कोणी गेलं, आणि आपण खाली उतरायच्या आधी एक क्षण जरी विचार केला की खरं असेल ना, तर तो क्षण मी या सोसायटीला दिलाय. असल्या माणसाला हॉल देऊ नये.

मी खाली बसलो. खंडू मान हलवत होता. शकुताई डोळे पुसत होत्या. प्रेमासुद्धा मान हलवत होती, आणि माझ्या तेवीस वर्षांच्या संसारात ती माझ्या बोलण्यावर पहिल्यांदा मान हलवत होती. मी स्वतःच्या तोंडाने वर्गाला पुरून टाकलं होतं.

चंद्रप्रकाश उठला. त्याला बोलता येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. वार्षिक सभेत तो अहवाल वाचतो तेव्हा माणसं भजी खायला बाहेर जातात. त्याने खिशातून उपविधींचं पुस्तक काढलं, बघितलं, आणि परत ठेवलं.

"बाळ्या बोलला ते सगळं बरोबर," तो म्हणाला. "पण मला तिसऱ्या रविवारीच संशय आला होता. बाळ्याला एवढे नातेवाईक नाहीत. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर सेक्रेटरी म्हणून मला हे बंद करावं लागलं असतं."

तो थांबला. कोणीच बाहेर गेलं नाही.

"रुचिरा गेली त्याला चौदा महिने झाले. तेव्हा तुम्ही सगळे इथे येऊन बसलात, दोन मिनिटं उभे राहिलात आणि गेलात. चुकीचं नाही, तसंच करतात. नंतर घरात कोणी भांडायला पण नव्हतं. त्या दिवशी मी या मामासाठी हार घेऊन आलो, तर इथे एक मुलगी कबुतरांवरून भांडत होती. मी दोन तास बसलो. घरी गेलो आणि टीव्ही लावला नाही. त्यानंतर दर शनिवारी मी केबिनमध्ये जाऊन बघायचो, की बाळ्याचं कोणी मेलंय का." हॉलमध्ये कोणीतरी हसलं, आणि तोही थोडा हसला. "मेलं असलं की मला बरं वाटायचं. आता सांगा, हे चांगलं आहे का? त्यापेक्षा वर्ग चालू ठेवा. पांढरे कपडे पिवळे पडतात."

बसताना त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पण घंटी वाजायला अजून तीन मिनिटं बाकी होती आणि त्याला काही फरक पडत नव्हता.

ठरावाला मत द्यायला हात वर करायला सांगितलं. वर्ग बंद करायच्या बाजूने एकच हात आला, तळमजल्यावरच्या एका काकांचा. ते म्हणाले, मी प्रोफेसरांच्या भाषणाला मत दिलं, ते जास्त चांगलं होतं. हे मी अजून प्रेमाला अधूनमधून ऐकवतो.

सभा उठल्यावर चेतना खुर्च्या लावत होती. माझ्याजवळ येऊन तिने मुठीतली दुसरी चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. उघडलेली. म्हणाली, सर, ही तुमची वाचायची राहिली होती. एवढंच. तोंडावर हसू नाही, काही नाही. मी आयुष्यभर लोकांना फसवलं, पण मला असं शांतपणे पकडलेलं कोणी आठवत नाही. स्पर्धा आता दहा दिवसांवर आहे. समोरच्या कॉलेजच्या पोरांबद्दल मला आतापासून सहानुभूती वाटते.

रजिस्टरला तिसरा रकाना अजून आलेला नाही. त्याला सप्टेंबरातला ठरावच लागणार, तिथे चंद्रप्रकाश हटायला तयार नाही. पण सभेनंतरच्या रविवारसाठी त्याने स्वतः रजिस्टर भरलं, पंधरा दिवसांची अट सेक्रेटरीच्या अधिकारात माफ करून. कार्यक्रम : मंगल. वधू : अनुकूल. वर : प्रतिकूल.

मी म्हटलं, अरे, हे पण खोटंच झालं ना. तो म्हणाला, यात निदान कोणी मरत नाही.

रविवारी दहाला आम्ही जमलो. चंद्रप्रकाश पहिल्या रांगेत, निळा चेक्सचा शर्ट घालून. विषय होता : सोसायट्यांचे उपविधी काळाप्रमाणे बदलावेत का. त्याला चिठ्ठीत 'बदलावेत' आलं होतं आणि तो घामाघूम झाला होता. तो उठला, त्याने घसा साफ केला, आणि दार उघडलं. दारात पैठण्या नेसलेल्या तीन बायका, हातात अहेराची पाकिटं. त्यांच्या मागे टोपी आणि कोट घातलेले भिकाजीकाका, बगलेत स्टीलचा डबा. त्यांनी सगळ्या हॉलवरून नजर फिरवली आणि सरळ माझ्याजवळ आले.

"मागच्या टायमाक नुसती भाषणा ऐकलंय," ते म्हणाले. "आज तरी जेवाण आसा मां?"